बॉनेटवरची उलटी खूण

आधीच सांगून टाकते, भूत, आत्मा, झपाटणं या भानगडींवर माझा काडीचाही विश्वास नाही. नव्हता म्हणू की नाही म्हणू, ते शेवटी तुम्हीच ठरवा. आमचं घर बौद्ध. पप्पांनी आत्मा ही गोष्ट कधी मानली नाही आणि आम्हालाही मानू दिली नाही. कुणाला काही 'लागलं' अशी बातमी आली की त्यांचा पहिला प्रश्न, "त्याचा ताप मोजला का?" त्यामुळे हे लिहिताना फार अवघडल्यासारखं होतंय. हे वाचून सगळ्यात आधी वैतागले असते ते पप्पाच... आणि गोष्ट त्यांचीच आहे.

नागपूर, काटोल रोडपासून जरा आत, प्लॉट पाडून वसलेली एक जुनी लेआउट. आमचं बसकं घर, पुढे पोर्च, पोर्चला लोखंडी गेट. गेटला दिवसाही कुलूप, कारण मोकाट गाई आत घुसून आईची झाडं खातात. पोर्चमध्ये पप्पांची गाडी. गडद निळी, जुनी. कंपनीचं नाव सांगत नाही, तसंही ती आता बनत नाही. पप्पा कळमेश्वरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे आणि रिटायर होईपर्यंत याच गाडीनं गेले-आले. तिच्या रंगावर त्यांचं जेवढं लक्ष होतं तेवढं माझ्या दहावीच्या अभ्यासावर असतं, तर मी आज मिहानच्या कॉल सेंटरमध्ये हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकत बसले नसते. हे मी त्यांना तोंडावर म्हटलंय. हसले होते.

गाडीला वॅक्स करणं हा आमच्या घरी दोघांचा कार्यक्रम. गाडी धुऊन कोरडी झाली की पप्पा जुन्या बनियनच्या तुकड्यानं वॅक्स लावायचे. एका वेळी एकच भाग — आधी बॉनेट, मग एक दार, मग दुसरं. वॅक्स वाळलं की पांढुरकं दिसतं. नीट वाळलं का हे पाहायला त्यावरून बोट फिरवायचं, बोटाखालून स्वच्छ रंग चमकला की पुसायला घ्यायचं. लोक नुसती रेघ ओढतात. पप्पा बरोबरची खूण करायचे. आलेला माल तपासला की टिक मारायची, ही स्टोअरमधली सवय. टिक मारलेल्या मालाला दुसऱ्यांदा हात लावायचा नाही, हा तिथला त्यांचा नियम, आणि तो ते घरीही चालवायचे. मी भरलेली बॅग त्यांनी एकदा तपासली की पुन्हा उघडायची सोय नाही! त्यात ते डावखुरे, म्हणून त्यांची खूण उलटी. लांब दांडी डावीकडे.

खूण केली की ते घरात आवाज द्यायचे, "वाळलं वं!" मग आई कोरडं फडकं घेऊन पुढच्या दारातून बाहेर यायची. पुसणं आईचं काम. पप्पांच्या हाताला चमक येत नाही असं तिचं म्हणणं, आणि ते त्यांनी कधी खोडून काढलं नाही.

दिवाळीनंतर पप्पा गेले. हार्ट. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले आणि मी कामाला लागले — दाखला, पेन्शन, बँक. रडले नाही. खरं सांगते, मला काही वाटतच नव्हतं. दाढ काढल्यावर गाल बधिर होतो ना, बोट लावलं तरी तो आपला वाटत नाही... तसं सगळं. ऑफिसला जात होते, जेवत होते, लोक भेटायला आले की चहा ठेवत होते.

आई रडली, मग तीही थांबली. पण तिनं एक केलं. पुढच्या दारानं बाहेर येणं सोडलं. दार उघडलं की समोर गाडी. त्यामुळे भाजीला जायचं असो की शेजारी, ती मागच्या दारानं बोळातून जायची. बोळात शेवाळ. एकदा घसरून पडली, मनगट सुजलं, तरी तेच. वर जास्त बोललं की म्हणायची, "मले काही झालं नाही." मला भीती होती की आज मनगट आहे, उद्या खुबा मोडेल. शेवटी तीच एक दिवस म्हणाली, "नीतू, गाडी विकून टाक वं. मले तिकडं पाहवत नाही."

ओळखीतून नागपुरातल्याच सदर भागातले एक गृहस्थ मिळाले. जुन्या गाड्यांचा नाद असलेले. रविवारी दुपारी घ्यायला येतो म्हणाले. म्हणून सकाळी मी कपाटातून वॅक्सचा डबा काढला. प्रेमानं वगैरे नाही हं. धुळीनं माखलेली गाडी पप्पांनी कुणाला दाखवली नसती, एवढंच.

फेब्रुवारी संपत आला होता. ऊन चढायच्या आत पोर्चच्या सावलीत काम उरकायचं ठरवलं. आई आत स्वयंपाकघरात, पुढचं दार बंद. गाडी धुतली, कोरडी केली, बॉनेटला वॅक्स लावलं. आता थांबायला हवं होतं, पण मला कुठला धीर! बॉनेट वाळेपर्यंत मी मागे जाऊन डिकीला लावत बसले. गाडीच्या आड, उकिडवी.

पुढच्या दाराची कडी वाजली. आई बाहेर आली. हातात कोरडं फडकं. आणि पायरी उतरता उतरताच, थोडी वैतागून, अगदी पूर्वीच्या सुरात म्हणाली, "आली ना! दोनदा काहून आवाज देऊन राहिले?"

मी मागून उठून उभी राहिले. "आई, मी कुठं आवाज दिला तुले?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या फडक्याकडे.

जे आमच्याकडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आई मला 'देऊन राहिली' म्हणते. 'देऊन राहिले' हे फक्त पप्पांसाठी. आमच्या घरात तिच्या तोंडी अहो-जाहो एकाच माणसाला होतं. सवयीनं निघालं असेल... मीही तेव्हा मनात तेच म्हटलं. पण मग तिची नजर बॉनेटवर गेली आणि तिथंच राहिली. मी पुढे आले.

काचेच्या खाली, पांढुरक्या थरात, बरोबरची खूण. उलटी. लांब दांडी डावीकडे. खालून निळा रंग चमकत होता.

"तू केली?"

"नाही."

"मंग?"

"माहीत नाही, आई."

भीती वाटली का? नाही. काहीच वाटलं नाही. मी गेटकडे पाहिलं, कुलूप लागलेलं. किल्ली माझ्या खिशात. माझे दोन्ही हात वॅक्सनं बरबटलेले, मी बोट लावलं असतं तर नुसता फराटा उठला असता. डोक्यात आलं ते इतकंच की फोन आत आहे, फोटो काढायला हवा.

"थांब, पुसू नको. फोन आणते मी."

"जास्त वाळलं तं मंग निघत नाही," आई म्हणाली, आणि तिनं फडकं टेकवलं.

ती पुसत गेली. कडेनं आत, कडेनं आत, सगळ्यात शेवटी ती खूण. तिथं हात जरासा थांबला. मग तेही पुसलं. नंतर मी एकेक भाग लावत गेले आणि ती पुसत गेली. प्रत्येक भाग वाळायची वाट पाहताना मी कान देऊन ऐकत होते. पुन्हा आवाज आला नाही.

दुपारी गाडी गेली. आई पुढच्या पायरीवर उभी राहून गाडी वळेपर्यंत पाहत होती. त्या दिवसापासून ती पुढच्या दारानंच जाते-येते.

मी पप्पांच्या पद्धतीनं चौकशी केली. शेजारचे काका तेव्हा घरात होते, त्यांनी आवाज ऐकला नाही. गल्लीत कुणाची चेष्टा म्हणावी, तर ही खूण कुणाला माहीत? आईला विचारलं, नक्की काय ऐकलं? ती म्हणाली, "जे दरवेळी ऐकते तेच."

मग पावसाळ्याच्या तोंडावर सदरच्या त्या गृहस्थांचा फोन आला. आई समोर मेथी निवडत होती, मी स्पीकर लावला.

"मॅडम, एक विचारायचं होतं. गाडी धुतो तेव्हा बॉनेटवरचं सगळं पाणी मोती होऊन घरंगळून जातं, पण एका जागी चिपकून राहतं. टिक मारल्यासारखं, पण उलटं. तुम्ही काही लावलं होतं का तिथं? थोडं रबिंग मारलं तर निघून जाईल, काही टेन्शन नाही. फक्त म्हटलं, आधी विचारून घ्यावं."

मी आईकडे पाहिलं. तिनं मान वर केली नाही.

"राहू द्या म्हण त्यायले," ती म्हणाली. "टिक मारलेल्या मालाले दुसऱ्यांदा हात नाही लावत."

मी तसंच सांगितलं. फोन ठेवला आणि तिच्या शेजारी मेथी निवडायला बसले. गालाची बधिरता उतरते तेव्हा सगळ्यात आधी दुखायला लागतं. मला दुखायला लागलं. इतके महिने न आलेलं रडू त्या मेथीवर आलं, आणि आईनं परात नुसती बाजूला सरकवली.

तिथं पाणी का धरतं, ते मला कळतं. बोटानं तेवढंच वॅक्स निघालं होतं, त्यात चमत्कार नाही. बोट कुणाचं, ते कळत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर सांगा, पण आत्मा म्हणू नका, घरात भांडण होईल. पप्पा मला नेहमी म्हणायचे, "माहीत नाही तं माहीत नाही म्हण, गोष्टी नको बनवू."

तर... माहीत नाही.