यूसुफचा कडू घास

काल टीव्हीवर जेरुसलेममधली चौकी दाखवत होते आणि ताटातल्या पिठल्याचा वास नाकात गेला. मी थेट परभणीच्या हॉस्टेलात पोचलो.

नामांतराचा लढा पेटलेला होता. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. खोलीत सोबतीला यूसुफ, जेरुसलेमचा पॅलेस्टिनी. त्या दिवशी त्याची आई वारल्याचं कळलं आणि तो भिंतीकडं तोंड करून बसला. माझी आई गावाहून मला भेटायला आली होती. ऐकलं तशी शेजारच्या वस्तीत गेली, पिठलं-भाकरी करून घेऊन आली. मैताच्या घरी चूल पेटत नाही, कडू घास दुसऱ्यानं भरवायचा असतो.

"लेकरा, मातीला जायचं न्हाई का?"

"येऊ देत नाहीत, अम्मा," यूसुफ मोडक्या हिंदीत म्हणाला. "शिकायला बाहेर राहिलो म्हणून राहायचा परवानाच रद्द केला."

"जल्मल्या घरी परवाना? कोण लागून गेले ते?"

"बंदूकवाले."

आईचा आवाज चढला. "आमच्या मढ्याची वाट बी गावानं अडवली होती. आमी नदीतून नेलं. तू कुठून जाशील रं?"

तिनं घास त्याच्या तोंडात घातला. तो रडत चावत राहिला.

आमचं नामांतर झालं. त्याच्या शहरातली चौकी अजून तिथंच आहे. काल एक शिपाई पोरगा रांगेतल्या म्हातारीला बंदुकीनं मागं सारत होता.

बायको म्हणाली, "जेवताना तरी बंद करा ते."

"राहू दे चालू," मी म्हणालो. "कडूच लागू दे घास."