चालून घेतलेला बाजा

“नवा बाजा बसून घेऊ नये, चालून घ्यावा,” असं बासवाले भाऊ म्हणायचे आणि जागच्या जागी दोन पावलं टाकून दाखवायचे. वरातीत वाजवणाऱ्याला खुर्ची कोण देणार?

तो बाजा तुम्हीही बघितलाच असेल. अंगाभोवती पितळेचं वेटोळं आणि डोक्यावर भलंमोठं उघडं तोंड. दुकानात त्याला सुसाफोन म्हणतात, आमच्या चामोर्शीच्या बँडमध्ये नुसता बास. भाऊ तो वाजवायचे आणि शेजारी मी क्लॅरिनेट. लग्नसराई संपली की ते धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, आणि मी माझ्या पानठेल्यावर.

भाऊंचा सकाळचा पहिला खर्रा मीच घोटायचो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून खसाखसा. आमच्याकडे खर्रा म्हणजे मानपान, चहा त्यानंतर. त्याला बंदी आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या बंदीवरची चर्चाही खर्रा चघळतच व्हायची.

“तुया हातच्या खर्र्याबिगर माया बाजा बोलत नाई,” भाऊ म्हणायचे. मी फुशारून जायचो.

मग भाऊंना भाजी तिखट लागायला लागली. आमच्या भागातल्या माणसाला तिखट लागावं म्हणजे हद्दच झाली. “काऊन भाऊ, पुण्याले सोयरीक केली का?” आम्ही चिडवायचो. आलूवड्याचे ते बारीक बारीक तुकडे करून खायचे. त्यावरही आम्ही पोट धरून हसलो आहोत.

त्याच सुमारास बासचा आवाज पडला. जुन्या बाजाचे सांधे गेले, हवा बाहेर पडते, असं भाऊंचं म्हणणं. बँडचे मालक, ज्यांना आम्ही मास्तर म्हणतो, त्यांनी नवा घ्यायचं ठरवलं. पण नव्यातूनही आवाज निघाला नाही तर बासवर दुसरा माणूस घेईन, असंही सांगून टाकलं. पारखायला भाऊ नागपूरला निघाले, सोबत मी.

“नवा येऊ दे, मंग पाह्यजो,” भाऊ बसमध्ये म्हणाले. “मरेलोक मीच वाजवतो, मरेपर्यंत.”

दुकानदारानं खुर्ची पुढे केली. भाऊंनी ती बाजूला सारली, पहिला बाजा खांद्यावर चढवला आणि थेट रस्त्यावर उतरले. एका ऑटोवाल्यानं विचारलं, “काका, वरात कुठी हाय?” भाऊ टोकापर्यंत जाऊन आले. खांद्याला कुठे रुततो, वळताना तोल कुठे जातो, सगळं नीट सांगितलं. मग फुंकलं.

“फुसका हाय. दुसरा काढ.”

दुसराही फुसका निघाला. तिसऱ्यातही काहीतरी खोट सापडली. दुकानदार वैतागला आणि तोच तिसरा बाजा त्यानं स्वतः फुंकला. कपाटांच्या काचा थरथरल्या.

भाऊ माझ्याकडे बघायला लागले आणि मी त्यांच्या गालांकडे. ते फुगतच नव्हते. ठेल्यावर बसणाऱ्याला असे गाल ओळखू येतात. खर्र्यानं गाल आतून कडक होतात, तोंड दोन बोटांपुरतं उघडतं, साधी शिट्टीसुद्धा निघत नाही. अशी गिऱ्हाइकं मी किती तरी बघितली होती. त्या दिवशीही बसस्टँडवर खर्र्याची पुडी त्यांच्या हातात मीच ठेवली होती.

बोलायला हवं होतं. ‘भाऊ, बाजा चांगला हाय, तोंड डॉक्टरले दाखवा,’ एवढंच. पण त्यापुढचा प्रश्न मला माहीत होता: खर्रा कोणाच्या ठेल्यावरचा? मी म्हणालो, “नवा हाय न भाऊ, मोकळा व्हाले वेळ लागते. हाच घ्या.”

त्यांनी लगेच मान डोलावली. माझ्या शब्दावर त्यांनी इतक्या सहज विश्वास ठेवला, याचीच मला जास्त लाज वाटते.

भाऊ आता नाहीत. पुढच्या वर्षी गालाच्याच दुखण्यानं गेले. ठेला मी बंद केला नाही. आता फक्त पान आणि चहा विकतो असं लोकांना सांगतो, पण ते पूर्ण खरं नाही.

त्यांची शेवटची मिरवणूक जयंतीची होती, त्यांच्याच वस्तीतून निघालेली. जयंतीपर्यंत बघू, मग दुसरा माणूस, असं मास्तर म्हणाले होते. निळ्या झेंड्यांच्या पुढे भाऊ नवाकोरा बास घेऊन चालत होते. पाऊल चुकत नव्हतं, बोटंही बरोबर पडत होती. ढोलांच्या दणक्यात कोणाला काही कळलं नाही. मी शेजारी होतो. मला त्या पितळेतून फक्त श्वास ऐकू येत होता.

चौकात थांबलो. घाम पुसत त्यांनी विचारलं, “मागं ऐकू गेला का रे?”

“गेला न भाऊ. पार मागल्या झेंड्यालोक.”

भाऊ हसले. तोंड जेवढं उघडत होतं, तेवढं.