कुणी ऊठ म्हणू नये म्हणून

बिडकीनहून गणेशचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. "काका, बापू गेले," एवढंच तो म्हणाला. मागे काँक्रीट कालवायच्या यंत्राची घरघर चालूच होती. मी म्हटलं, "अरे, ते तरी बंद कर." तोवर ते कुणाला सुचलंच नव्हतं... बापू म्हणजे गणेशचे वडील, माझा मित्र आसाराम. तो तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर खुर्ची टाकून कठड्याचं काम बघत बसला होता. बसल्या जागीच त्यानं मान टाकली. गवंड्याला वाटलं, डुलकी लागली.

वाळूजच्या एका कारखान्यात आम्ही सव्वीस वर्षं एकाच पाळीत होतो आणि बजाजनगरात शेजारी राहायचो. त्याच्या घरची मेंढरं होती. दिवाळी सरली की त्याचे आईवडील कळप घेऊन निघायचे आणि पाऊसकाळापर्यंत कुणाच्या तरी वावरात पाल ठोकून राहायचे. एकदा डबा खाताना तो म्हणाला, "कुणीबी यायचं अन् बापाला म्हणायचं, ऊठ इथनं. बाप जेवता जेवता उठायचा. मला नाय कुणी उठवणार."

निवृत्त झाल्यावर त्यानं बिडकीनमध्ये रस्त्यालगतच्या जागेवर घर बांधलं. एक मजला पुरेसा होता. पण समोरच्यानं दुसरा चढवला, म्हणून यानंही चढवला. मग तिसरा. दर्शनी भागावर फूटभर अक्षरांत स्वतःचं नाव कोरून घेतलं आणि चालत्या गाडीतून ते वाचता येतं का, हे बघायला मला बसमध्ये बसवून पैठणपर्यंत नेऊन आणलं. येताना मी खिडकीशी होतो. "दिसलं का?" त्यानं विचारलं. दिसलं होतं. शेजारची दोन अनोळखी माणसंही वळून बघत होती. त्याच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी विसरणार नाही.

मग एका दुपारी मोजणीची माणसं आली आणि घराच्या बाजूच्या भिंतीवर लाल रेघ मारून गेली. रस्ता रुंद व्हायचा होता. पुढचं अर्धं घर रेघेच्या अलीकडे, रस्त्यात. आसारामनं रेघेवर रंग दिला. ते परत आले, त्यानं परत रंग दिला. तिसऱ्या खेपेला मात्र लाल आतून फुटून वर येऊ लागला, ओल आल्यासारखा. त्याच्या बायकोनं, कौसावहिनींनी, एक दिवस देव्हारा मागच्या स्वयंपाकघरात हलवला.

"देव कुठंयत?" आसारामनं विचारलं.

"मागं. तिकडं गार हाय."

तो वर गेला आणि गच्चीच्या कठड्याचं काम त्यानं पुढं चालू ठेवलं.

मी म्हटलं, "आसाराम, थांब जरा. काय होतंय ते कळू दे."

"रस्ता सरकंल," तो म्हणाला. "एवढं तीन मजली घर कोण पाडतंय? लई बोलू नको, चल, कठडा दाखवतो."

घर जितकं उंच, तितका हात लावणारा कचरेल, असं त्याला मनापासून वाटत होतं. मी माझं म्हणणं धरून बसायला हवं होतं. पण तो इतक्या आशेनं माझ्याकडे बघत होता, की मी कठडा छान झालाय म्हणालो आणि चहा पिऊन निघालो... ती आमची शेवटची भेट.

तेराव्यानंतर महिनाही गेला नाही आणि पाडायची मशीन आली. जेवणवेळेपर्यंत पुढचं अर्धं घर संपलं. नावाचा दगड ढिगाऱ्यात कुठं गेला, कुणी शोधला नाही.

गेल्या आठवड्यात मी जाऊन आलो. उघड्या पडलेल्या बाजूला गणेशनं विटांची कोरी भिंत घातलीय, बिनखिडकीची. कौसावहिनी हातात पाइप धरून तिच्यावर पाणी मारत होत्या.

"वहिनी, गणेशला सांगा की."

"त्याचं पानी सारखं पडत नाय. ह्यांनी मला शिकवलंय. कोपऱ्यापासून धरायचं. एकवीस दिस खंड पडू द्यायचा नाय."

विटा पाणी पिऊन काळपट होत होत्या. एवढ्यात एक अवजड गाडी अगदी लगटून गेली आणि पायाखालची जमीन थरथरली. वहिनींनी ओल्या भिंतीवर तळवा टेकला. गाडी पुरती लांब जाईपर्यंत तसाच ठेवला, आणि मग पुन्हा कोपऱ्यापासून सुरुवात केली.