गुडमारवाली अक्का

"जीभ काढ की," अक्का म्हणायची. मग जिभेवर गुडमारचं हिरवं पान ठेवायची आणि ते चावून झालं की वर चिमूटभर साखर. साखर तोंडात वाळूसारखी करकरायची, गोडीचा पत्ता नसायचा. आपला चेहरा बघून अक्का पदर तोंडाला लावून हसायची. "मेली का न्हाय साखर? रक्तातली बी अशीच मरती बघ."

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जिला विचारल्याशिवाय कुणी डॉक्टरकडे जात नाही. सोलापुरात, आमच्या विणकरांच्या वस्तीत, ती अक्का होती. गुडमारचा पाला उकळून, आटवून ती काढा करायची आणि शुगरवाल्यांना फुकट वाटायची. घरात तेलुगू, दारात मराठी आणि रागावली की दोन्ही एकदम. मी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये रक्त तपासते. "तू टोचून सांगतीस, मी न टोचता बरं करते," असं ती मला येता-जाता ऐकवायची. मीही हसण्यावारी न्यायचे.

शुगर तिलाही होती. पण लग्नाला निघताना ती आधी पान चावायची आणि मग ताटात पडेल ती बुंदी, जिलेबी खायची, वाढणाऱ्याचं मन मोडायला नको म्हणून. मी ओरडले की म्हणायची, "मला गोडच लागत न्हाय, तर चढंल कशी?" जीभ फसली की रक्तही फसतं, असा तिचा सरळ हिशेब होता.

एका दुपारी ती लॅबच्या मागच्या दाराने आली. पुढच्या बाकावर गल्लीतल्या बायका होत्या. अक्काच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. मी रक्त तपासून आकडा सांगितला.

"मशीन बिघडलं असंल."

पुन्हा तपासलं. आकडा तसाच.

"कुणाला सांगू नगं, पोरी. कुठल्या तोंडानं फिरू?"

दवाखान्यात जा म्हणून मी मागेच लागले. ती आज जाते, उद्या जाते म्हणायची. तिथं ओळखीचं कुणी भेटलं तर, ही तिला भीती. अखेर तिची मुलगी बार्शीहून आली आणि तिला दवाखान्यात घेऊन गेली, पण तोवर उशीर झाला होता. अंगठा कापावा लागला. गल्लीत अक्कानं सांगितलं, पायावर दगड पडला. सगळ्यांनी खरं मानलं.

मी रक्त घ्यायला तिच्या घरी गेले होते, तेव्हा समोरचे रिक्षावाले चाचा सफरचंदं घेऊन आले. "लवकर बऱ्या व्हा, अक्का. मी तर शुगरच्या गोळ्या सोडल्या. आता फक्त तुमचा काढा." अक्कानं सफरचंदं उशाशी ठेवली. मला वाटलं, दगडाचीच गोष्ट चालू ठेवणार. चाचा उंबऱ्यापाशी पोचले तेव्हा तिनं हाक मारली.

"भाई, थांब." तिनं साडी सरकवून पट्टी बांधलेला पाय पुढं केला. "दगुड न्हाय पडला. साखरेनं गेला अंगठा. माझं पान खाऊन मीच जिलेबी खाल्ली. तू आजच डॉक्टरला गाठ आन् गोळी चालू कर."

बोलताना ती भिंतीकडे बघत होती. चाचाही मान खाली घालून उभे. त्या दोघांमध्ये मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बातमी फुटली, पण गल्लीनं तिला एका शब्दानं दुखावलं नाही. उलट कुणी भाकरी आणून दिली, कुणी आमटी. तेच तिला सोसलं नाही. लोक भांडायला गेले असते तर तिनं दोन्ही भाषांत उत्तर दिलं असतं. जखम भरली तशी ती कुणाचा निरोप न घेता बार्शीला मुलीकडे निघून गेली.

चाचा आता गोळ्या घेतात. तपासायला आले की म्हणतात, "बेटी, अक्काला फोन लाव ना." मी लावते. मुलगी उचलते आणि सांगते, "आई झोपल्यात." कधीही लावा, आई झोपलेलीच. मी फोन ठेवणार एवढ्यात तिच्या मागून दबका आवाज येतो, "भाईची साखर किती आली, तेवढं इचार की."