वशिंड विसरलेला बैल

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरी एक मजा झाली. मी पिपरी मेघेला लेकाकडे राहते. मला अक्षर येत नाही, म्हणून मी बोलते आणि सून टाईप करते... यात तिचीही थोडी बदनामी आहे. गाळायचं नाही असं बजावलं आहे.

आमचा नातू ईशू तीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. ‘दे’ आणि ‘नाई’, बस. कान तपासले, ते चांगले निघाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोबाईल कमी करा आणि त्याच्याशी खेळा, भरपूर खेळा.

सुनेनं ते असं मनावर घेतलं की विचारू नका. चित्रांची कार्डं आणली. सकाळ-संध्याकाळ पोराला समोर बसवायचं... ‘हा कोण? हा कोण?’ ठाण्यात चोराला विचारतात तसं. पोरगं तोंड फिरवायचं, आणि ही स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडायची. मला ऐकू येत नाही असं तिला वाटायचं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरांचा तान्हा पोळा असतो. पोरं लाकडाचे बैल घेऊन घरोघरी जातात. लेक तो बैल आणायला बाजारात गेला, तेव्हा मला मातीचा करायची हुक्की आली. शेजारच्या रिकाम्या प्लॉटातली काळी माती घमेल्यात आणली.

“आई, त्यात जंतू असतात!” सून आतून ओरडली.

“असू दे वं. तेबी खेळतीन.”

केळझरजवळच्या आमच्या गावी आई शेतात निंदायला जायची आणि आम्ही पोरंपोरी दिवसभर धुऱ्यावर, बांधावर. चिखलाचे बैल, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्यांची शिंगं. बैलांची भांडणं, बैलांचा बाजार, एखादा रुसून बसलेला... आमच्या तोंडाला दम नसायचा. बोलायला कोणी शिकवलं ते काही आठवत नाही. त्या बैलांशीच बोलत बोलत आलं असेल.

ईशू कधी जवळ येऊन बसला, कळलंच नाही. कोपरापर्यंत हात चिखलात. मी त्याला काही विचारत नव्हते, माझं आपलं बैलाशी चाललं होतं... “सरळ उभा राय ना बावा, काऊन वाकडा होऊन राह्यला?”

बैल झाला. त्याच्यासमोर ठेवला. त्यानं बराच वेळ पाहिलं, मग लोळून लोळून हसला.

“डुक्कल!”

मी पाहिलं तर खरंच की! पाय आखूड, आणि पाठीवरचं वशिंड मी साफ विसरले होते...

सून पोळी तव्यावर सोडून धावत आली. “काय म्हणला? आई, काय म्हणला तो?”

“माह्या बैलाले डुक्कर म्हणून राह्यला, आनखीन काय!”

तेवढ्यात ईशूनं मातीचा एक गोळा घेतला, त्या डुकराच्या पाठीवर थापला आणि आम्हा दोघींकडे पाहून म्हणाला, “बैल.”

सून तिथेच चिखलात बसली. पोळीचा कोळसा झाला.

डॉक्टरीणबाई म्हणतात, अजून वेळ लागेल, रोज खेळत राहा. खेळू की... आयुष्यात माझ्या कामाला नावं ठेवणारे पुष्कळ भेटले, सासूपासून या टाईप करणारीपर्यंत. पण कोणी नाव ठेवलं म्हणून देवापुढे साखर ठेवली, ती पहिल्यांदाच.