सरस की बोल्ट

मिस्त्री तीन दिवस नुसते लाकडाभोवती घिरट्या घालत होते. फळ्या रंधा मारून तयार, मापं पेन्सिलीनं आखलेली, पण सांधा कसला करायचा हे काही ठरेना. चाळीस वर्षं डोळे झाकून कपाटं जोडणारा माणूस, आणि पोटच्या पोरीच्या कपाटापाशी त्याचं घोडं पेंड खात होतं!

पोरीचं दुसरं लग्न ठरलं होतं. पहिल्या वेळी त्यांनी भिंतभर कपाट तिच्या सासरच्या खोलीतच बसून जोडलं होतं. फळीच्या खाचेत फळी अडकवलेली, आत सरस भरलेला. स्क्रूला हात लावणं म्हणजे त्यांच्या लेखी लबाडी. दोन वर्षांनी ती ते घर सोडून आली, तेव्हा कपाट दारातून निघेना. तोडायला मन धजेना. ते तिथंच राहिलं.

आता बोल्ट लावले, तर पाना फिरवला की कपाट सुटं. पण संसार मांडायच्या आधीच आपण तो मोडायची सोय करतोय, असं वाटून ते बोल्टचा डबा बंद करून टाकत. सरस घोटायला घेतला की मागचं सगळं आठवे. बायको वैतागली.

"अहो, एकदाचं काय ते करा! स्वतः बसत नाही, मलाही बसू देत नाही."

चौथ्या दिवशी त्यांनी बोल्टसाठी भोकं पाडली. नेमकी तेव्हाच पोरगी कारखान्यात टपकली. तिनं एका भोकात बोट घालून पाहिलं.

"बाबा, हे कशाला?"

"घर बदलताना सोपं जातं," मिस्त्री नजर चुकवत म्हणाले.

"घर त्याचं स्वतःचं आहे. बदलायचंय कुणाला?"

मिस्त्री कानकोंडे झाले.

"मागच्या वेळी मी बॅग घेऊन दारात उभी होते," ती म्हणाली. "तुम्ही आधी काय विचारलंत, आठवतंय? कपाट कुठंय म्हणून."

आठवत होतं. विचारायचं वेगळंच होतं, जेवलीस का, नवऱ्यानं हात उचलला का. तोंडातून निघालं ते कपाट. त्याची लाज त्यांना आजतागायत वाटत होती.

"बोल्ट लावा नाहीतर सरस ओता, बाबा. कपाटाशिवाय मी नुसती परत आले तर चालेल का, एवढं सांगा."

भुसा लागलेल्या हातानं मिस्त्रींनी तिचं मनगट धरलं.

"चालेल काय? धावत ये."

तिला नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून त्यांनी ते पुन्हा सांगितलं.