सुभेदार काकांची चार्जवही

घरं विकायच्या धंद्यात कमिशन कधीतरी येतं, किस्से मात्र रोज येतात! माझ्याकडचे निम्मे तर एकट्या सुभेदार काकांच्या घराचे. साताऱ्यातली शांत कॉलनी, तीन मजली रो-हाऊस, नुकतंच रिनोव्हेट केलेलं. त्यांच्या पुण्यात राहणाऱ्या मुलानं हौसेनं सगळं नवं केलं आणि मग म्हणाला, "आता चांगला भाव येईल, विका आणि इकडे या." काका लगेच तयार झाले. काकूंना कुणी विचारलंच नाही. मीही नाही!

*

पहिल्या दिवशी फोटो काढायला गेलो. बाथरूमला काचेची भिंत, अगदी हॉटेलसारखी! तिच्यावर काकूंनी जुनी चादर टांगलेली.

"काकू, फोटोपुरती काढूया का?"

"काढा की. मग आंघुळीचाबी फोटू काढा!"

जाहिरात चादरीसकट गेली.

*

पहिलं गिऱ्हाईक तासगावचे बेदाण्याचे व्यापारी. इटालियन मार्बलकडे ढुंकूनही न बघता थेट गच्चीवर. खिशातला रुमाल काढून हवेत धरला.

"वारं झ्याक हाय! हितं बेदाना लय भारी वाळंल."

"शेठ, हॉल बघायचा राहिला."

"हॉल काय, समद्यांकडंच असतोय!"

काकांशी गेटवर दोन शब्द बोलले, संध्याकाळी फोन करतो म्हणाले. त्यांची संध्याकाळ अजून झालेली नाही.

*

मग माधवनगरचं जोडपं आलं. बाईंचा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेला. प्रत्येक खोलीत त्या कान देऊन उभ्या राहिल्या.

"आवं, एवढी शांतता! हितं भांडायचं झालं तर कुनाशी?"

काकूंनी चहा पुढे केला. "आजवर शेजारच्या समद्या माझ्याशी भांडत हुत्या. माझ्यामागं कोन, ठावं न्हाई."

बाईंना घर फार आवडलं. काका त्यांना गेटपर्यंत सोडून आले, आणि तेही गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

असं सहा वेळा झालं. घर आवडतं, मग गेटपाशी होतं तरी काय? मला राहवेना.

*

सातव्या वेळी मी गेटच्या आडोशाला उभा राहिलो. काकांनी गिऱ्हाइकाच्या हातात निळी वही ठेवली. "चार्ज देतोय. नीट वाचून सही करा."

काका फौजेतून रिटायर झालेले. तिथे बदली झाली की जाणारा माणूस येणाऱ्याला एकेक गोष्ट लिहून ताब्यात देतो, मोडक्यातोडक्यासकट. काकांनी घराचंही तेच केलं होतं! 'तिसरी पायरी अर्धा इंच आखूड. वरचा नळ बंद केल्यावर अकरा थेंब. शेजारचं कुत्रं पहाटे चारला, रविवारी साडेचारला.' एकूण त्रेचाळीस कलमं!

"काका, घर विकताना हे सांगायचं नसतं!"

"मग फसवून पोस्ट सोडू व्हय?"

*

आणि मग आले सांगलीकडचे, फौजेतूनच रिटायर झालेले एक हवालदार. वही बघताच त्यांचा चेहरा खुलला. चष्मा लावून त्यांनी तिन्ही मजले कलमवार तपासले. नळापाशी उभं राहून थेंबसुद्धा मोजले!

"बारा हायती, सायेब."

काकांनी अकरा खोडून बारा केले. दोघेही खूश. मला तर पेढे दिसायला लागले!

हवालदारांनी सहीसाठी पेन उघडलं आणि थांबले. काकूंकडे वळले.

"वहिनी, तुमच्याकडनं काय लिवायचं ऱ्हायलंय का?"

काकूंनी चहाचा ट्रे खाली ठेवला. "ऱ्हायलंय. लिवा, मला हितनं जायाचं न्हाई."

मी काकांकडे बघायचं टाळलं. हवालदारांनी चव्वेचाळीस आकडा घातला, काकूंचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि वही काकांच्या हातात परत दिली.

"सायेब, बाकी समदं मी करून घेतलं असतं. ह्ये माझ्याच्यानं दुरुस्त हुनार न्हाई."

काकांनी ते कलम दोनदा वाचलं. मग पेन मागून घेतलं, खाली स्वतःच सही ठोकली आणि काकूंकडे बघून म्हणाले, "घेतला चार्ज."